लाजेपायी चुकणारी फजर

कराडात डिसेंबर-जानेवारीत पहाटे नदीकडून जो गार वारा येतो, तो अंगावर घेत आंघोळ करायची हौस कुणालाच नसते. तरी काही घरांतून साडेपाचलाच बंबाचा धूर निघतो. आमच्या पेठेत भिंतीला भिंत लागलेली, त्यामुळे तो कुणाच्या घरचा हे शेजारीण पडल्या पडल्या सांगते. आता बऱ्याच जणांकडे गिझर आलेत, गच्चीवर सोलर आलेत, धूर कमी झाला. आवाज मात्र आहे तसाच. मोरीत तांब्या बादलीच्या काठाला लागला की माजघरापासून माडीपर्यंत कळतं. आणि मुसलमानाच्या घरात त्या आवाजाला अर्थ असतो. कडाक्याच्या थंडीत फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजेच्या, अजानीआधी जो न्हातो तो हौसेनं न्हात नाही, त्याला न्हाणं भाग असतं. का भाग असतं, हे घरातल्या सगळ्या जाणत्या माणसांना ठाऊक असतं.

नियम सरळ आहे. नवरा-बायकोचा संबंध आला, किंवा झोपेत अथवा जागेपणी स्खलन झालं, की गुसल फर्ज होतो, म्हणजे पूर्ण आंघोळ बंधनकारक होते. अंगावर एकही जागा कोरडी राहणार नाही अशी आंघोळ करायची, त्याशिवाय नमाज नाही. फजरची वेळ असते सूर्य उगवेपर्यंत. मग एकत्र कुटुंबात काय होतं? सासरे ओसरीवर खाकरत बसलेले, दीर दूध आणायला निघालेला, सासूबाई जानमाज अंथरतायत, आणि मोरी स्वयंपाकघरातून पलीकडे. नव्या सुनेला तेवढं अंतर चालून जाणं कराडहून साताऱ्याला चालत जाण्याएवढं वाटतं. ती पांघरूण ओढून पडून राहते. नऊ वाजता सगळ्यांच्या आंघोळी सुरू झाल्या की आपणही उरकते आणि फजरची कजा, म्हणजे वेळ टळून गेलेली नमाज, पढते. तरुण मुलांचंही तेच. विचारलं तर ‘जाग आली नाही’.

माझ्या मते आपल्याकडे फजर जितकी झोपेपायी चुकते, तितकीच लाजेपायी चुकते. आणि ही लाज दीनाने, म्हणजे धर्माने, शिकवलेली नाही. ती आपण बाहेरून आणून त्याच्या पदरात घातली आहे.

मी माहेरची चिपळूणची. सासर कराड. आमचं औषधांचं दुकान आहे आणि डी.फार्म. माझ्याच नावावर आहे, त्यामुळे काउंटरला मी असते. गुरुवारी दुपारी दुकान मिस्टरांवर सोपवून मी घरी येते, तेव्हा आसपासच्या बायका जमतात. कुराणाच्या चार आयती, थोडं मसाइल, मग चहा. मसाइल म्हणजे रोजच्या वागण्यातले धर्माचे नियम. जकात, रोजा, सुतक-इद्दत यांवर बायका धडाधड विचारतात. पाकीचा, म्हणजे शुद्धीचा, विषय निघाला की मात्र प्रत्येकीला चहाची आठवण होते.

म्हणून मी एकदा थेट हजरत अलींपासूनच सुरुवात केली.

हजरत अली म्हणजे पैगंबरसाहेबांचे चुलतभाऊ आणि जावई, खैबरचा किल्ला घेणारे, पुढे चौथे खलिफा. ते स्वतः सांगतात की मला मजी फार येत असे. मजी म्हणजे मनात इच्छा जागी झाली, पत्नीशी लगट झाली, नुसता तसा विचार आला तरी जो पातळ, चिकट, पारदर्शक स्राव येतो तो. त्यांना वाटायचं की यालाही आंघोळ लागते. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात (हदीस म्हणजे पैगंबरसाहेबांच्या उक्ती-कृतींची नोंद) त्यांचे शब्द आहेत: मी इतक्या आंघोळी करायचो की माझ्या पाठीला भेगा पडल्या. विचारायचं तर कुणाला? उत्तर देणारे सासरे. त्यांची मुलगी आपल्या घरात. सासऱ्याला हे कसं विचारणार? शेवटी त्यांनी मिकदाद नावाच्या सोबत्याला पुढे केलं. उत्तर आलं ते एका ओळीचं: ती जागा धुवा आणि वजू, म्हणजे नमाजेआधीचं हात-तोंड-पाय धुणं, करा. हा प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या हदीससंग्रहांतही आहे.

आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा आधी कुणी वर बघेना. मग कोपऱ्यातून एक म्हणाली, “म्हणजे अलींनाबी सासऱ्याची लाज वाटायची?” आणि सगळ्या हसल्या. त्या हसण्यानं बरंच काम सोपं झालं.

मला त्या गोष्टीत सगळ्यात आवडतात त्या पाठीच्या भेगा. एवढा शूर माणूस, आणि एका न विचारलेल्या प्रश्नापायी कातडी फुटेपर्यंत पाणी ओतत राहिला. लाजू नका असं त्यांना कुणी सांगितलं नाही. लाजून दुसऱ्याला पाठवलं तेही चाललं. प्रश्न पोचला पाहिजे, एवढंच.

तर फिकाच्या, म्हणजे धर्माच्या कायद्याच्या, किताबा तीन स्राव वेगळे करतात, आणि सगळा हिशेब त्यावर आहे. मजी आली तर वजू तुटतो, जागा धुवायची, कपड्याला लागलं असेल तर तेवढं धुवायचं. गुसल नाही. मनी, म्हणजे वेगाने, सुखाच्या टोकाला येतं ते, आणि त्यानंतर अंग सैल पडतं. तिथे गुसल. लघवीनंतर कधी कधी जो दाट पांढरट थेंब येतो ती वदी. तिला वजूच पुरे. आणि चौथी गोष्ट, जी सांगायची राहून जाते: इच्छा जागी झाली, अंगाला ते जाणवलं, पण बाहेर काहीच आलं नाही, तर काहीच झालं नाही. वजू शाबूत, नमाज शाबूत. नमाजेत उभं असताना नको तो विचार मनात आला म्हणून नमाज मोडत नाही. पैगंबरसाहेबांनी म्हटलंय की माझ्या उम्मतीच्या, म्हणजे अनुयायांच्या, मनात जे येतं ते अल्लाहने माफ केलंय, जोवर ते बोललं किंवा केलं जात नाही. हीसुद्धा बुखारीतलीच हदीस.

स्वप्नाचाही असाच रोकडा हिशेब. स्वप्न पडलं, सगळं आठवतंय, पण कपड्यावर ओल नाही, तर गुसल नाही. स्वप्न आठवत नाही पण मनीची ओल दिसते, तर गुसल आहे. जे दिसतं त्याचा विचार करा, जे वाटतं त्याचा नाही. हनफी किताबांत (हनफी हा सुन्नींमधला फिकाचा एक पंथ) तर ओल नेमकी कशाची हे कळत नसेल तेव्हा काय, स्वप्न आठवत असेल तर काय, नसेल तर काय, अशा एकेका शक्यतेचा निवाडा करून ठेवलाय. इतक्या बारकाईने लिहिणारे ते जुने फकीह, म्हणजे धर्मकायद्याचे जाणकार, दाढीवाले, पागोटेवाले, दर्स देणारे गंभीर लोक होते. समोर शिष्य बसलेले. त्यांना ओशाळं वाटलं नाही आणि आपल्याला कराडात, चार बायकांत, दार लावून बसल्यावर वाटतं.

मी चिपळूणची हे वर सांगितलं, त्याला कारण आहे. कराडहून पाटण, पाटणहून कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. पण घाटाच्या वर आणि खाली मुसलमानांचा फिका वेगळा. कोकणात अरब व्यापाऱ्यांबरोबर इस्लाम समुद्रावरून आला, तिथले आम्ही शाफई. देशावर बहुतेक हनफी. दोन्ही सुन्नी, दोन्ही बरोबर, आपापसात लग्नंही होतात. माझं झालं. त्यात स्पर्शाची भानगड अशी आहे, की शाफईंच्या मते परक्या स्त्री-पुरुषाच्या कातडीला कातडी लागली की वजू तुटतो, मनात काही असो वा नसो. आणि या हिशेबात नवरा-बायकोही येतात. आई, बहीण, मुलगी हे मेहरम, तिथे तुटत नाही. बायकोला लागला की तुटतो. हनफींच्या मते नुसत्या स्पर्शाने काहीच होत नाही. मालिकी हा आणखी एक पंथ, ते मधलं धरतात: स्पर्शात सुख असेल तर तुटतो, नसेल तर नाही.

माझी नानी वजू करून आली की नाना तिच्या हातात कधी काही देत नसत. किल्ल्या खिडकीच्या फळीवर ठेवायचे, ती तिथून उचलायची. चहाची बशी कट्ट्यावर. पैसे टेबलावर. लहानपणी मला वाटायचं यांचं भांडण झालंय. भांडण कसलं, त्या फळीवरून चाळीस वर्षांचा संसार सुखाने झाला. मग मी कराडात आले. असरच्या, दुपारनंतरच्या नमाजेचा वजू करून बाहेर आले, मिस्टरांनी बाजाराची पिशवी हातात दिली, बोटाला बोट लागलं. मी परत मोरीत. पिशवी ओट्यावर ठेवून तिसऱ्यांदा आत गेले तेव्हा सासूबाई मिस्टरांना म्हणाल्या, “तिला हगवण लागलीय का बघ रे, विचार तिला.” मग सगळा खुलासा झाला. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या पद्धतीने निकाल दिला, “तुमच्याकडे पाऊस लई पडतो, पाणी फुकट, म्हणून तुमचे नियम असे.”

त्यांचा निकाल विनोदी, पण मुळातला मतभेद गंभीर आहे. कुराणात वजू-गुसलच्या आयतीत (चौथ्या सूरेत एक, पाचव्या सूरेत एक) स्त्रियांना स्पर्श केला असेल तर, असं आहे. इमाम शाफईंनी तो शब्द सरळ घेतला, इमाम अबू हनीफांनी त्याचा अर्थ संबंध असा घेतला. हनफी पुढे पैगंबरसाहेबांच्या पत्नी हजरत आयशांची गोष्ट सांगतात. पैगंबरसाहेब रात्री नमाज पढत असायचे, खोली एवढीशी की आयशा समोरच आडव्या झोपलेल्या. सजद्याची, म्हणजे कपाळ टेकायची, जागा होईना म्हणून ते त्यांच्या पायाला हाताने टोचायचे. त्या पाय ओढून घ्यायच्या. ते उभे राहिले की त्या परत पाय पसरायच्या. त्या काळी घरात दिवे नसत, असं त्या वर सांगतातही. हात लागला आणि नमाज चालूच राहिली, हा हनफींचा मुद्दा. शाफई म्हणतात, मधे कपडा असेल.

मला या वादात कोण जिंकलं यात रस नाही. मला ती खोली दिसते. नवरा नमाजेत, बायको त्याच्यापुढे झोपलेली, अंधार, पाय ओढणं-पसरणं. आणि ही गोष्ट स्वतः त्या बाईंनी पुढच्या पिढीला सांगितली, शिकवण म्हणून. आपल्या घरी नमाजेच्या पुढून बायको गेली तरी पुरुष कपाळाला आठ्या घालतात.

घाटाखाली-घाटावर आणखी एक फरक आहे, तो धुण्याच्या दोरीवर दिसतो. शाफईंकडे मनी मुळात पाक. चादर धुवायची ती स्वच्छतेसाठी, नापाक झाली म्हणून नाही. हनफींकडे नापाक, ओलं असेल तर धुवायचं, वाळलं असेल तर खरवडून काढलं तरी कपडा पाक. त्यालाही आयशांचीच साक्ष आहे. शिवाय हनफींनी सूटही ठेवलीय: पातळ घाण तळहाताच्या खळग्याएवढ्या जागेपेक्षा कमी लागली असेल आणि चुकून तशीच नमाज पढली गेली, तर नमाज झाली. पण हे कुणी सांगत नाही, म्हणून पहाटे चादरी धुतल्या जातात, गच्चीवर वाळत पडतात, आणि मोरीच्या आवाजाने जे कळलं नसेल ते दोरीवरून कळतं.

आता दुकानातली गोष्ट. पंचविशीचा एक मुलगा, इंजिनिअरिंग करून इथेच नोकरीला लागलेला, मलम मागायला आला. हाताची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, बोटांच्या पेरांवर चिरा. मी विचारलं, सिमेंटचं काम करता का? नाही म्हणाला. डिटर्जंट? त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, साहेब कधी असतात? मी समजले. संध्याकाळी मिस्टरांशी तो तासभर बोलला.

त्याचं असं झालं होतं की मजीची शंका त्याच्या डोक्यात घुसून बसली होती. रस्त्याने चालताना एखादी जाहिरात दिसली, ऑफिसात कुणी हसून बोललं, की त्याला वाटायचं काहीतरी आलं. मग शौचालयात जाऊन बघायचं, धुवायचं, कपडे बदलायचे. बॅगेत जादा कपडे घेऊन फिरायचा. मशिदीत जमातीत, सगळ्यांबरोबर नमाजेला, उभा राहिला की मधेच, दुसऱ्या रकातीत (नमाजेच्या आवर्तनात) शंका यायची आणि तो सफ, म्हणजे रांग, सोडून निघायचा. लोक काय म्हणतील म्हणून मग मशिदीत जाणंच सोडलं. घरी पढायचा, तीही तीन-तीनदा. हात साबणाने असे झाले. मांड्यांची कातडीही सोलवटली होती, हे त्याने मिस्टरांना सांगितलं.

मला पाठीच्या भेगा आठवल्या. चौदाशे वर्षं झाली, उत्तर छापलेलं आहे, भाषांतरं झालेली आहेत, आणि तरी.

अशा शंकेला वस्वसा म्हणतात, आणि जुन्या लोकांना तो चांगला माहीत होता. फिकाचा एक पायाभूत नियमच आहे: खात्री शंकेने जात नाही. वजू केल्याची खात्री आहे, तुटल्याची शंका आहे, तर वजू आहे. नमाजेत काहीतरी झाल्यासारखं वाटतं अशी तक्रार एकाने केली तेव्हा पैगंबरसाहेब म्हणाले, आवाज ऐकू येईपर्यंत किंवा वास येईपर्यंत नमाज सोडायची नाही. सहल बिन हुनैफ नावाचे सहाबी (पैगंबरसाहेबांचे सोबती) होते, त्यांनाही मजीचा त्रास, तेही अलींसारखे सारखे न्हायचे. त्यांनी विचारलं, कपड्याचं काय करू? उत्तर मिळालं, ओंजळभर पाणी घे आणि लागलंय असं वाटतं तिथे शिंपड. याच धर्तीवर हनफी आलिमांनी (धर्मपंडितांनी) शंकेखोरांना एक युक्ती सांगून ठेवली: लघवीनंतर आतल्या कपड्यावर आधीच चार थेंब पाणी शिंपडून ठेवायचं. मग ओल जाणवली तर मनाला सांगायचं, पाणी आहे ते. शंकेचं तोंडच बंद.

बगदादला इब्न अकील म्हणून हंबली या चौथ्या पंथाचे आलिम होऊन गेले, १११९ साली वारले. त्यांच्याकडे एकजण आला. म्हणाला, मी पाण्यात पुन्हा पुन्हा डुबक्या मारतो आणि तरी गुसल झाला की नाही कळत नाही. इब्न अकील म्हणाले, जा, तुला नमाज माफ. का म्हणून विचारलं तर म्हणाले, वेड्याला शुद्धीवर येईपर्यंत नमाज माफ असते, आणि पाण्यात डुबकी मारून ज्याला आपण भिजलो का नाही हे कळत नाही तो वेडाच की. बोलणं तिखट आहे. पण त्या माणसाला बहुतेक त्याचीच गरज असेल. मिस्टरांनी त्या मुलाला ही गोष्ट सांगितली नाही, बरं केलं. त्याला इमामसाहेबांकडे नेलं. इमामसाहेबांनी त्याला एकच गोष्ट बजावून सांगितली: तू बघायला जायचंच नाही. शंका आली तरी तशीच पढायची, आणि ती नमाज मकबूल (स्वीकारलेली) आहे ही जबाबदारी माझी. त्याचबरोबर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा असंही तेच म्हणाले, कारण मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणतात तो हाच आजार, त्यावर गोळ्या आहेत. इमामाने गोळ्यांचं नाव काढणं ही त्या मुलाच्या घरच्यांना मोठी परवानगी होती. आता तो मलम न्यायला येत नाही, गोळ्या न्यायला येतो, तब्येत भरलीय.

हिंदू मैत्रिणींशी यावर बोलणं होतं तेव्हा त्या सोवळ्या-ओवळ्याचा संदर्भ देतात. थोडं साम्य आहे, आंघोळ केल्याशिवाय पूजा नाही आणि गुसलशिवाय नमाज नाही. पण सोवळ्यात शिवायचं नाही असं असतं ते इथे नाही. गुसल फर्ज असलेला माणूस नापाक नसतो, नमाजेपुरता थांबलेला असतो. त्याने कुराण हातात घ्यायचं नाही, पढायचं नाही, मशिदीत थांबायचं नाही. बाकी स्वयंपाक करा, जेवा, मुलाला कडेवर घ्या, बाजारात जा. अबू हुरैरा नावाचे सहाबी एकदा अशा अवस्थेत रस्त्याने चालले होते. पैगंबरसाहेब समोरून आले, त्यांचा हात धरून सोबत चालू लागले. हे हळूच सटकले, घरी जाऊन आंघोळ करून परत आले. कुठे गेला होतास, असं विचारल्यावर खरं ते सांगितलं. त्यावर पैगंबरसाहेब म्हणाले, सुबहानल्लाह, मोमिन कधी नापाक होत नाही. आमच्याकडे मात्र गुसल राहिलेल्या सुनेने लोणच्याच्या बरणीला हात लावू नये असं मानणाऱ्या सासवा आहेत. बरणीचा मसला मला कुठल्याच किताबात सापडला नाही. ते शेजारून आलंय.

रमजानात हा घोळ आणखी वाढतो. सहेरीला उठलो, आंघोळ राहिलीय, वेळ संपत आली, आधी खाऊ की न्हाऊ? आधी खा. फजर उजाडताना गुसल राहिलेला असला तरी रोजा होतो, खुद्द पैगंबरसाहेबांचा असा रोजा झाल्याचं त्यांच्या पत्नी आयशा आणि उम्मे सलमा दोघींनी सांगितलंय. रोजात दुपारी डोळा लागला आणि स्वप्नात स्खलन झालं तरी रोजा तुटत नाही. मजी आल्याने हनफी आणि शाफई दोघांकडेही तुटत नाही. एवढी माहिती नसल्यामुळे रोजा मोडला असं समजून दुपारी दोनला जेवायला बसलेली माणसं मी ऐकून आहे.

पाण्याचं म्हणाल तर, आमच्या बैठकीत माण तालुक्यातून आलेली एक सून आहे. कराडात कृष्णा-कोयनेच्या काठी बसून पाण्याची चर्चा करणं सोपं. तिचं माहेर टँकरवरचं. ती म्हणाली, “आमच्याकडे उन्हाळ्यात घराला दोन घागरी यायच्या, त्यात रोज गुसल कुठनं करणार?” हा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर आकड्यात देता येतं. पैगंबरसाहेबांचा वजू एका मुद्दमध्ये व्हायचा आणि गुसल एका साअमध्ये, फार तर पाच मुद्दांपर्यंत. मुद्द म्हणजे माणसाची भरलेली ओंजळ, साधारण पाऊण लिटर. चार मुद्दांचा साअ, म्हणजे तीन लिटरच्या आसपास. आपण शॉवरखाली एवढं पाणी साबण शोधताना घालवतो. हनफींकडे गुसलमध्ये फर्ज तीनच: चूळ भरणं, नाकात पाणी घेणं, सगळ्या अंगावरून एकदा पाणी. साबण नाही, शाम्पू नाही. मोठे दोन तांबे पुरतात.

आणि केस. उम्मे सलमांनी विचारलं होतं, मी वेणी घट्ट घालते, गुसलसाठी सोडू का? नाही, डोक्यावर तीन ओंजळी टाक, मग अंगावर पाणी घे, असं उत्तर मिळालं. हनफी फिकात ते पक्कं झालं: बाईची वेणी घातलेली असेल तर मुळांपर्यंत पाणी पोचलं की पुरे, शेपटा कोरडा राहिला तरी चालतं. केस मोकळे असतील तर मात्र सगळे भिजवायचे. म्हणजे रात्री वेणी घालून झोपा, पहाटे मुळं ओली करा, टॉवेल फिरवा, ओढणी घ्या. ओले केस बघून कुणाला काही कळायचं कारण नाही. हे ऐकून एक बाई म्हणाली, “हे मला माझ्या लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर माझ्या किती फजरा वाचल्या असत्या.” तिच्या आईने लग्नात मसाइलचं जाड उर्दू पुस्तक दिलं होतं. त्यात हे सगळं आहे. पुस्तक गॅलरीत, काचेच्या कपाटात, रेशमी कापडात गुंडाळून ठेवलेलं. तिला उर्दू वाचता येत नाही.

थंडीची सोयही आहे. अम्र बिन आस नावाचे सहाबी एका मोहिमेवर होते, कडाक्याची रात्र, स्वप्नामुळे गुसल फर्ज झाला. पाण्याने जीव जाईल म्हणून त्यांनी तयम्मुम, म्हणजे पाण्याऐवजी स्वच्छ मातीवर हात टेकून तोंडा-हातांवरून फिरवणं, करून इमामत केली, सगळ्यांपुढे उभं राहून नमाज पढवली. परतल्यावर पैगंबरसाहेबांनी जाब विचारला, कारण ऐकलं आणि हसले, पुढे काही बोलले नाहीत. महाबळेश्वरला वेण्णा तळ्याकाठी दव गोठतं तेव्हा, तापवायला काही नसेल आणि माणूस आजारी असेल, तर ही सवलत आहे. घरात गिझर असून सासरे ओसरीवर बसलेत, याला ती सवलत लागू नाही. असती तर आपल्याकडची माती संपली असती.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण बऱ्याच पुरुषांना हे ठाऊकच नसतं की स्त्रीलाही स्वप्न पडतं. उम्मे सुलैम, हजरत अनस यांच्या आई, सरळ पैगंबरसाहेबांपुढे गेल्या. सुरुवातच अशी केली: अल्लाह सत्याला लाजत नाही. मग विचारलं, बाईला स्वप्नात तसं झालं तर तिच्यावर गुसल आहे का? उत्तर आलं, हो, ओल दिसली तर. तिथे उम्मे सलमा होत्या, त्यांनी तोंड झाकून घेतलं आणि विचारलं, बाईलाही असं होतं? पैगंबरसाहेब म्हणाले, होत नसेल तर मूल आईवर कसं जातं? आणि आयशांचं ते वाक्य तर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: अन्सारच्या (मदिनेतल्या) बायका किती चांगल्या, दीन समजून घ्यायला त्यांना लाज आडवी आली नाही.

रोज जो साधा पांढरा स्राव असतो त्याबद्दल मात्र आलिमांत मतभेद आहेत, आणि तिथे मी स्वतः निकाल देत नाही. ज्या मजहबाचं तुम्ही मानता त्या जाणकाराला विचारा, नवऱ्याला पाठवा, फोन करा, चिठ्ठी द्या. मिकदाद शोधा, एवढंच मी सांगते.

मशिदीत जुम्म्याच्या खुतब्यात (प्रवचनात) व्याज, हुंडा, मोबाइल सगळं येतं. वर्षातून एकदा हेही यावं असं मी मिस्टरांकरवी कळवून बघितलं. समोर पोरं बसलेली असतात, बाप-लेक शेजारी शेजारी असतात, बरं दिसत नाही, असं उत्तर आलं. बाप आणि लेक दोघांनाही त्याची गरज आहे, हे मी पुन्हा कळवलंय. बघू.

मागल्या गुरुवारी आमच्या बैठकीत सत्तरी ओलांडलेल्या एक खाला आल्या होत्या. विधवा आहेत, गुडघे गेलेत, खुर्चीवर बसून नमाज पढतात. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि उठता उठता विचारलं, “माझ्यासारखीला, या वयात, स्वप्न पडलं तर?” पोरींनी ओढण्या तोंडाला लावल्या. मी म्हटलं, खाला, वयाची अट नाही, ओल दिसली तर गुसल, नाही तर नाही. त्यांनी मान डोलावली. मग विचारलं, “आणि मोरीत स्टुलावर बसून केला तर चालतो का? उभं राहवत नाही.” चालतो म्हटलं. “मग त्या पोराला सांगून मोरीत एक दांडी बसवून घेते धरायला,” म्हणाल्या, आणि चपला शोधायला लागल्या.